प्रयोगशाळेचे दार ठोठावा



२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापाशी सत्याग्रह सुरू झाला. त्या दारावर पहारा होता, म्हणून ती अडवणूक साऱ्या जगाला दिसली. आज आपल्या मुलांपुढे दुसरे दार आहे, ते प्रयोगशाळेचे. येथे पहारेकरी नाही. तरीही पुष्कळ मुले बाहेरच राहतात. कारण हे दार विचारल्यावाचून उघडत नाही, आणि कोणास काय विचारावे हे घरातील पहिल्या पदवीधरास सांगणारे कोणी नसते.

संशोधन हे एम. एस्सी. नंतरचे काम होय, हा समज चुकीचा आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधकांच्या हाताखाली काम देणारा उपक्रम सुरू केला. देशातील तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी योजनेतून असे विद्यार्थी दोन महिने शास्त्रज्ञांकडे काम करीत आले आहेत, तेही विद्यावेतन घेऊन. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर चार वर्षांच्या पदवीतच संशोधनाची तरतूद केली.

मार्गदर्शक काय करतो? गोदावरीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणाऱ्या विद्यार्थ्यास तो उत्तर सांगत नाही. नमुना काठाशी घेतलास की प्रवाहात? माप किती वेळा घेतलेस? न जुळणारा आकडा खोडलास की वहीत ठेवलास? असे तो विचारतो. ऐकीव व परंपरागत म्हणून काही मानू नका, पारखून घ्या, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश याहून निराळा नाही.

स्वतः बाबासाहेबांना एल्फिन्स्टनमध्ये प्रा. म्युलर यांनी पुस्तके दिली; कोलंबियात प्रा. सेलिग्मन यांचे मार्गदर्शन लाभले. बुद्धी त्यांची स्वतःची होती. पण ती ओळखणारे शिक्षकही भेटले.

मातापित्यांनो, सुटीत मुलगी प्रयोगशाळेत जाते म्हणाली, तर "पगार किती?" हा पहिला प्रश्न करू नका. आपल्याच महाविद्यालयातील असे काम बहुधा विनावेतन असते, दोन महिन्यांची कमाई बुडते, आणि गरिबाच्या घरी ती रक्कम लहान नव्हे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच हा भार एकट्या घराने का सोसावा? विहाराच्या वर्गणीतून एका विद्यार्थ्याच्या प्रवासाचा खर्च अवश्य निघावा. शिकून पुढे गेलेल्यांनी दरवर्षी एका तरी मुलास जवळ बसवून अर्ज लिहून घ्यावा. ते त्यांचे कर्तव्यच होय.

आणि तरुणांनो, उद्याच आपल्या प्राध्यापकांकडे जा व विचारा, "सर, मला काही काम द्याल काय?" नकार मिळाला तर दुसऱ्यांकडे जा, पण विचारल्यावाचून परत फिरू नका.