किल्ली कोणाच्या हाती?

शिष्यवृत्तीचा अर्ज म्हटला की कार्यालयाच्या खिडकीपुढची रांग, छापील फॉर्म आणि त्याला टाचणीने लावलेले दाखले, असे चित्र आपल्या गुरुजनांच्या डोळ्यांपुढे उभे राहत असेल. ते चित्र आता इतिहासजमा झाले आहे. २०१७-१८ या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनाने बहुतेक शिष्यवृत्त्या 'महाडीबीटी' या संकेतस्थळावर नेल्या. तेथे प्रत्येक विद्यार्थ्याचे एक खाते असते. त्याला नाव असते, परवलीचा शब्द म्हणजे पासवर्ड असतो, आणि जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, शिधापत्रिका अशी कागदपत्रे त्या खात्यावर चढवावी लागतात. रांग गेली, टाचणी गेली, हे चांगलेच झाले. पण रांगेत उभा राहणारा विद्यार्थी निदान स्वतः उभा राहत असे. आज आपल्यापैकी कितीजणांनी स्वतःचे खाते स्वतःच्या हाताने उघडून पाहिले आहे?

प्रत्यक्षात घडते ते असे. विद्यार्थी प्लॅस्टिकच्या पिशवीतील कागद घेऊन महाविद्यालयासमोरच्या नेट कॅफेत जातो. कॅफेवाला कागद स्कॅन करतो आणि विचारतो, "मोबाईल नंबर?" विद्यार्थ्याकडे स्वतःचा फोन नसतो, किंवा असला तरी त्याचे रिचार्ज संपलेले असते. मग वेळ वाचावा म्हणून कॅफेवाला आपलाच एखादा नंबर टाकतो. पासवर्डही त्याच्या सवयीचाच. दहा मुलांना दहा निराळे शब्द लक्षात कोण ठेवणार? शेवटी एका वहीत नावे आणि त्यांपुढे पासवर्ड लिहिले जातात, आणि विद्यार्थी छापील पावती घेऊन 'फॉर्म भरला' या समाधानात वर्गात येऊन बसतो.

वस्तुतः फॉर्म भरल्याने काही संपत नाही. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे जातो, मग प्राचार्यांकडे, मग संबंधित खात्याकडे. वाटेत कोठेही त्रुटी निघाली की अर्ज परत विद्यार्थ्याच्या खात्यात येऊन पडतो, आणि ठरलेल्या मुदतीत ती त्रुटी दूर करावी लागते. त्रुटी असतात तरी कसल्या? कागदपत्राची फाईल अडीचशे केबीच्या आसपास बसवावी लागते. मोबाईलने काढलेला फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. तो दाबून दाबून लहान केला की तहसीलदारांची सही राहते आणि उत्पन्नाचा आकडा मात्र पुसट होतो. शेरा येतो, 'अस्पष्ट'. पाच मिनिटांत दुरुस्त होण्यासारखी ही गोष्ट. परंतु तिची सूचना ज्याच्या नंबरवर जाते त्याच्याकडे अशा शेकडो सूचना येत असतात. विद्यार्थ्याला ती कळते मुदत उलटल्यावर.

नंबर बापाचा दिला तर प्रश्न सुटतो काय? आपल्या जिल्ह्यात तरी नेहमी सुटत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचे कोयते निघतात. कोणी प्रवरेच्या पट्ट्यात, कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, तर कोणी कर्नाटकात. मुलगा नगरला वसतिगृहात आणि फोन कोपीत. शिष्यवृत्तीच्या अर्जांची धांदलही अनेकदा याच महिन्यांत असते. ओटीपी येतो तो काही मिनिटांपुरता. त्या वेळी आई-वडील फडात मोळ्या बांधत असतात. फोन चार्ज असेल, रेंज असेल आणि आलेला आकडा वाचून सांगणारे कोणी जवळ असेल, असे तिन्ही योग एकदम जुळून यावे लागतात. पत्रिका जुळवणेही याहून सोपे!

मुलींचे दुखणे आणखी वेगळे. पुष्कळ मुलींच्या हातात फोन नसतो. खाते भावाच्या नाहीतर चुलत्याच्या नंबरवर असते. ज्या खात्यात तिची जात, तिच्या घरचे उत्पन्न, तिचे गुण, तिचा आधार क्रमांक साठवलेला आहे, ते तिच्याखेरीज बाकी सगळ्यांना उघडता येते. यात कोणाला काही वावगे वाटत नाही, हेच मला सर्वांत वावगे वाटते.

कॅफेवाल्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. शेवटच्या तारखेला रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवून, संकेतस्थळ चालत नसताना पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारा हा माणूस नसता, तर आपल्यातले अनेकजण अर्जच करू शकले नसते. मात्र सायबर कॅफेसाठी केंद्र शासनाने २०११ मध्ये नियम केले, त्यांनी नोंदवही ठेवण्यास सांगितले ते आले-गेले कोण याची. गिऱ्हाइकांच्या पासवर्डांची नव्हे. उद्या तो दुकान बंद करून पुण्याला गेला तर ती वही कोठे जाईल?

आणि खाती काही एकच नाही. २०१५ पासून डिजिलॉकर आहे. २०२१ पासून श्रेयांकांची अॅकॅडमिक बँक आहे, तिचेही खाते विद्यापीठ मागते. पदवीचे गुणही आता अशाच एका खात्यात जमा व्हायचे आहेत. तीही त्याच कॅफेत, त्याच घाईत उघडली जातात. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलल्यापासून त्यात एक नवी धास्ती भरली आहे: जुन्या दाखल्यावर अहमदनगर आणि नव्यावर अहिल्यानगर, आता आपला अर्ज अडणार! नाव बदलले म्हणून जुना दाखला रद्द होत नाही, एवढे सूचनाफलकावर लावले तरी पुष्कळांचा जीव भांड्यात पडेल.)

यावर एक उपाय नेहमी सुचवला जातो, तो म्हणजे महाविद्यालयाने सर्वांची खाती उघडून पासवर्डांची यादी कार्यालयातच ठेवावी. माझा याला विरोध आहे. कॅफेवाल्याची वही जाऊन लिपिकाची वही आली, एवढाच त्यात फरक. शिवाय जो लिपिक अर्ज तपासतो, त्याच्याच हाती अर्जदाराची किल्ली असणे हे त्याच्या दृष्टीनेही बरे नव्हे. काही चुकले तर ते कोणी केले हे सिद्ध कसे करणार?

त्यापेक्षा प्रथम वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक तुकडीला दोन तास संगणक कक्ष द्यावा. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक शेजारी उभे राहतील, फाईल लहान पण वाचण्याजोगी कशी करायची ते दाखवतील. पासवर्ड टाइप करताना मात्र मान दुसरीकडे वळवतील. ज्यांचे खाते दुसऱ्याच्या नंबरवर आहे, त्यांनी तो नंबर आधी बदलून घ्यावा. स्वतःचा फोन नसेल तर वर्षभर नगरमध्येच राहणाऱ्या, स्वतः निवडलेल्या विश्वासू व्यक्तीचा नंबर द्यावा. पासवर्ड कागदावर लिहून आपल्या पेटीत ठेवला तरी चालेल. पेटीला कुलूप असते. आणि कार्यालयाने परत आलेल्या अर्जांची यादी, कारण न लिहिता, केवळ हजेरी क्रमांकांनी, दर सोमवारी फलकावर लावावी.

"वीस वर्षांच्या मुलांना हे शिकवायचे का?" असे एखादे प्राध्यापक म्हणतील. त्यांना नम्रपणे विचारावेसे वाटते, की आम्हांला बँकेचे पासबुक कोणी ना कोणी दाखवले होते. हे खाते कोणी दाखवले? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्याला कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तरच भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते. अशा घरात ती रक्कम बुडाली तर पुढच्या वर्षी कोयत्यावर आणखी एक माणूस जातो, आणि वर्गातला एक बाक रिकामा होतो.

संगणक कक्ष सध्या दुपारी बंद असतो. प्रवेश सुरू होण्याआधी तो दुपारी तीन ते पाच उघडा राहील अशी व्यवस्था व्हावी, एवढे प्राचार्यांकडे मागणे आहे.