तब्येतीसाठी नव्हे!

आपल्या समाजात चाळिशी उलटलेल्या गृहस्थाला पळायची परवानगी तीनच कारणांसाठी आहे: लोकल, कुत्रं आणि डॉक्टर. त्यातही तिसऱ्या कारणाला मान मोठा. साखर वाढली म्हणून कुणी पहाटे पळताना दिसला की सोसायटीच्या बाल्कन्यांतून कौतुकाच्या नजरा झरतात. पण तोच गृहस्थ ‘पुढच्या महिन्यात शर्यत आहे, चार मिनिटं कमी करायचीत’ म्हणाला, की साठीत नवरदेव होऊ पाहणाऱ्याकडे बघावं तसे लोक त्याच्याकडे बघतात. ‘अहो, या वयात कुणाला हरवायचंय तुम्हाला?’

माझं उत्तर सरळ आहे. माझ्या वयाच्या बाकीच्या सगळ्यांना.

कॉलेजात मी आठशे मीटर पळत असे. मग बी.कॉम., नोकरी, लग्न आणि गृहकर्ज अशा अडथळ्यांच्या शर्यतीत वीस वर्षं गेली. आता पुन्हा छातीवर नंबर लावतो, तर जो तो माझ्याकडून वदवून घेतो की हे सगळं तब्येतीसाठी आहे. तब्येत सुधारते, नाही कोण म्हणतो? बँकेत खातं असलं की कॅलेंडरही मिळतं. पण कॅलेंडरसाठी कुणी खातं उघडत नाही. (काही जण उघडतात. डिसेंबरात ते माझ्याच काउंटरला येतात.)

आणि स्पर्धा या वयाला शोभत नाही हे मला सांगतं कोण? ज्यांनी मुलीचे दहावीचे टक्के दशांश चिन्हासकट जिन्यात गाठून ऐकवले, ते! जे शेजाऱ्याची गाडी आपल्या गाडीपेक्षा चार इंच लांब निघाली म्हणून आठवडाभर जेवले नाहीत, ते! चाळिशीनंतर मध्यमवर्गीय माणूस स्पर्धेखेरीज दुसरं करतो काय? फक्त त्या स्पर्धेला सुरुवातीची रेघ नाही, शेवटची फीत नाही आणि पंच म्हणून मेव्हणा बसलेला असतो. माझ्या शर्यतीत नंबराच्या कागदामागे चिकटवलेली एक चिप असते. तिला सेवाज्येष्ठता कळत नाही, गोपनीय अहवाल कळत नाही, साहेबांचा भाचा कळत नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं निःपक्षपाती मूल्यमापन माझं दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

‘पण शरीर साथ देतं का?’ हा पुढचा प्रश्न. कॉमर्सच्या माणसाला घसारा शिकवू नये. बैठ्या माणसाची प्राणवायू वापरण्याची ताकद तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण दहा टक्क्यांनी घटते, नेमाने पळणाऱ्याची त्याहून कमी. छाती तपासून घ्यावी, हेही खरं. पण या खेळाने घसाऱ्याची तरतूद केव्हाच केलेली आहे. प्रौढांच्या मैदानी स्पर्धांत पस्तिशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात. त्यांची पहिली जागतिक स्पर्धा टोरंटोला 1975 मध्ये झाली. पंचेचाळिसावा वाढदिवस जगात इतरत्र दुःखाचा. इथे मात्र त्या दिवशी माणूस गटातला सर्वांत तरुण गडी होतो. परीक्षा न देता मिळालेलं असं प्रमोशन आमच्या बँकेत नाही.

याच टोरंटोजवळच्या मिल्टन गावी एड व्हिटलॉक नावाचा इंजिनियर राहायचा. तरुणपणी इंग्लंडमध्ये चांगला पळायचा, नंतर सोडलं, चाळिशीत पुन्हा धरलं. 1979 मध्ये, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, त्याने मॅरेथॉन 2 तास 31 मिनिटांत मारली. 2003 मध्ये बहात्तराव्या वर्षी तो तीन तासांच्या आत आला. सत्तरीपुढच्या कुणालाही तोवर ते जमलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यातूनही चारेक मिनिटं छाटली. सराव करायचा गावच्या दफनभूमीत, तासन्‌तास फेऱ्या मारत. या वयात लोकांना तिकडे पोचवून येतात. हा स्वतः जाऊन रोज परत येई. 2016 मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी चार तासांच्या आत मॅरेथॉन पुरी केली आणि 2017 मध्ये गेला. मला तो आवडतो तो मात्र वेगळ्याच कारणासाठी. सरावात आपल्याला काडीचीही गंमत वाटत नाही, शर्यत आणि विक्रम यांच्यासाठी पळतो, असं तो उघड सांगे. तब्येतीचं सोवळं नेसून बसला नाही.

दुसरा शत्रू म्हणजे ‘सहभाग महत्त्वाचा’ पंथ. शेवटच्या माणसालाही पदक द्या, माझी हरकत नाही. एकवीस किलोमीटर पळून आलेल्याला काहीतरी द्यायलाच हवं, केळं तर आधीच संपलेलं असतं. पण काही आयोजक पंचेचाळिशीपुढच्या सगळ्यांना एकाच पोत्यात भरतात आणि वर ‘अहो, तुम्ही सगळेच विजेते!’ म्हणून टाळ्या वाजवतात. आम्ही सगळे विजेते नाही. मी गेल्या खेपेला गटात सातवा होतो. सहा जण माझ्यापुढे होते आणि त्यांची नावं मला पाठ आहेत.

त्यातले सहावे गृहस्थ पुढच्या वर्षी पन्नास पुरे करून वरच्या गटात जाणार. ‘मग तुम्ही आपोआपच सहावे व्हाल की, कशाला एवढा जीव काढता?’ असं घरातून सुचवण्यात आलं आहे. आपोआप नको. ते आहेत तोवरच मला ते हवे आहेत. फरक अकरा सेकंदांचा आहे, आणि जानेवारीला अजून दहा आठवडे आहेत.