ऐनाखालची जागल

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आरमोरीजवळच्या जंगलात कोसा पाळणाऱ्या एका ओळखीच्या मामाजींकडे गेलो होतो. ऐनाच्या झाडांवर अळ्या चढलेल्या होत्या. इतक्या हिरव्या, की आधी मला दिसल्याच नाहीत. मामाजी झाडाखाली उकिडवे बसलेले, हातात गुलेल, नजर शेंड्यावर. मी विचारत होतो, ते उत्तरं देत होते. पण तासाभरात माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मग उठले. म्हणाले, "पाच मिनिटं तुमी पाहा जी, मी पानी पिऊन येतो."

मी पाहायला लागलो. फोटो काढावा म्हणून मोबाइल काढला. वर एक निरोप आलेला होता. तो वाचला, त्याला अंगठा पाठवला, मग त्याच्या खालचा वाचला. मान वर केली तेव्हा मामाजी परत येऊन उभे होते.

"झाला का पाहून मोबाइल? एक नेली कावऱ्यानं."

फोटो काढायचा तर राहूनच गेला.

आरमोरीचा कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, विदर्भात नावाजलेला. इथल्या ढिवर कुटुंबांत तो पिढ्यान् पिढ्या पाळला जातो. तुतीच्या रेशमासारखा हा घरातला किडा नव्हे. ऐन किंवा अर्जुनाच्या झाडावर, उघड्या रानात तो वाढतो. साधारण महिना-सव्वा महिना तो पानं खातो, चार वेळा कात टाकतो आणि मग कोष विणतो. तेवढे दिवस कावळे, मुंग्या, गांधीलमाश्या सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. म्हणून माणसं रानातच झोपडी घालून जागल करतात. आपल्याकडे धानाची जागल असते, तशीच ही.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. "मन लागत नाही" ही तक्रार आता घराघरात आहे. दहावीतल्या पोराची आहे, बँकेतल्या सुनेची आहे, आणि पेपर हातात घेऊन दुसऱ्याच पानावर तो खाली ठेवणाऱ्या माझ्यासारख्या म्हाताऱ्याचीही आहे. कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापक ग्लोरिया मार्क ही गोष्ट वीस वर्षांपासून मोजत आल्या आहेत. २००४ मध्ये माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. २०१२ मध्ये ते ७५ सेकंदांवर आलं, आणि अलीकडच्या वर्षांत ४७ सेकंदांवर. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती जास्त बोचणारी आहे. काम मोडतं त्यातल्या जवळपास निम्म्या वेळा बाहेरून कुणी हाक मारलेली नसते. आपणच उठतो. म्हणजे अर्धे कावळे आपल्याच डोक्यात बसलेले.

यावर आपला उपाय काय? मनाला झापायचं. "लक्ष दे", "ध्यान कुठं आहे तुझं", "जरा मनावर घे". मामाजी अळीवर कधी ओरडत नाहीत. अळीचं काम खाण्याचं, ते ती करतेच. त्यांची सगळी मेहनत अळीच्या भोवती असते. अळ्या चढवायच्या आधी झाडाखालचं गवत, झुडूप साफ करून घ्यायचं, म्हणजे मुंग्यांना वाट सोपी राहत नाही. एका झाडाची पानं संपली की अळीसकट डहाळी कापून दुसऱ्या झाडावर नेऊन बांधायची. आणि कात टाकायची वेळ आली की अळी खात नाही, हलत नाही. तेव्हा तिला हातही लावायचा नाही. विसावा हा त्या कामाचाच भाग. आपण मात्र मन जरा थांबलं की लगेच त्याच्यापुढे रील धरतो.

मामाजींचा साधा बटणांचा फोन झोपडीत खुंटीला, पिशवीत असतो. ते काही विरागी नाहीत. रात्री त्यावर गाणी ऐकतात. पण रानात कान मोकळे लागतात. इथल्याच वडसा वनविभागात ऑक्टोबर २०२२ मध्ये तेरा माणसांचा बळी घेणारा सीटी-१ वाघ पकडला गेला. इथं लक्ष कुठं आहे हा प्रश्न जिवाचा असतो, त्यामुळे फोन कुठं ठेवायचा यावर चर्चा होत नाही.

मनाला झापण्यापेक्षा त्याच्या भोवतीचं जगणं सांभाळा, हे विनोबांनी केव्हाच सांगून ठेवलंय. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. सहाव्या अध्यायावर बोलताना त्यांचा रोख असा, की नुसतं आसन घालून एकाग्रता येत नाही. खाणं, बोलणं, पाहणं, सगळ्या जगण्यालाच माप हवं. दिवसभर बेमाप जगायचं आणि अभ्यासाच्या एका तासात मन स्थिर व्हावं अशी अपेक्षा धरायची, हे जमणारं नाही.

हे माप एकट्यानं पाळणं कठीण. जागलीला दुसरं माणूस लागतं. एक पाणी प्यायला गेला तर दुसऱ्यानं पाहायचं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं हे ओळखलं. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेच्या निमित्तानं मुलांच्या हाती मोबाइल गेला तो सुटेना. तेव्हा ऑगस्ट २०२२ पासून गावानं ठरवलं : संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की मोबाइल आणि टीव्ही बंद, साडेआठला पुन्हा भोंगा, मग सुरू. दीड तास. मुलं अभ्यासाला बसतात आणि मोठ्यांच्या मालिकाही थांबतात. कुणाच्या इच्छाशक्तीची परीक्षा नाही. गावच राखणीला बसलेलं असतं.

आपल्या आरमोरीत भोंगा वाजायचा तेव्हा वाजेल. तोवर एका घरापुरती सुरुवात करता येते. मी दिवाणखान्याच्या खुंटीला एक कापडी पिशवी टांगली आहे. सकाळचा एक तास फोन तिच्यात. हा लेख त्या तासांत लिहिला. पहिल्या दिवशी चारदा उठून पिशवीपर्यंत गेलो, काल एकदा. अजून उठतोच, पण आता उठलो हे कळतं तरी.

परीक्षा जवळ येतील तशी घरोघरी पोरांच्या हातून मोबाइल हिसकावणं सुरू होईल. माझी एवढीच विनंती आहे : हिसकावू नका. संध्याकाळी पिशवी टांगा, वेळ ठरवा, आणि तिच्यात पहिला मोबाइल बापाचा पडू द्या.