पडद्यावरची ल्यूगर आणि वर्कशॉपचे मामा

सुरुवातीलाच कबूल करतो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. मुद्दा मात्र माझा स्वतःचा आहे!

होस्टेलवर शनिवारी रात्री दुसऱ्या महायुद्धाचा सिनेमा लावला की एक गोष्ट ठरलेली. जर्मन अधिकारी पिस्तूल बाहेर काढणार आणि मागच्या खाटेवरून कोणीतरी ओरडणार, "ल्यूगर!" तिरकी मूठ, बारीक नळी... लांबूनही ओळखू येते. तशीच दुसरी म्हणजे माउझर सी-96. 1977 च्या 'स्टार वॉर्स'मध्ये हान सोलोच्या हातातला ब्लास्टर म्हणजे हीच माउझर, वर दुर्बीण बसवलेली! एकोणिसाव्या शतकातलं पिस्तूल थेट अवकाशात पोचलं, ते निव्वळ दिसण्याच्या जोरावर.

माझं म्हणणं एवढंच, की पडदा यंत्राचा चेहरा लक्षात ठेवतो आणि यंत्र विसरतो. आणि आपण इंजिनिअरिंगची पोरंसुद्धा तेच करतो.

ल्यूगरच्या आत काय आहे? गुडघा! आपला पाय ताठ असला की टाचेकडून कितीही रेटा, वाकत नाही. गुडघा जरा वर उचलला की लगेच दुमडतो. ह्यूगो बोर्खार्टने 1893 च्या पिस्तुलात असाच सांधा वापरला. गोळी सुटते तेव्हा सांधा सरळ, म्हणजे दार बंद. धक्क्याने नळी आणि सांधा मिळून थोडे मागे सरकतात, सांधा चढावर आपटून वर दुमडतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि स्प्रिंग पुढचं आत ढकलते. गेओर्ग ल्यूगरने हे बोजड पिस्तूल आटोपशीर केलं आणि 1908 मध्ये जर्मन सैन्याने ते घेतलं.

आता सिनेमा न सांगणारी गोष्ट. ल्यूगर बनवणं महाग आणि वेळखाऊ होतं. मशिनिंग भरपूर, वर हाताने फिटिंग. सुट्या भागांवर त्या त्या पिस्तुलाचे नंबर ठोकलेले असायचे. शेवटी 1938 मध्ये सैन्याने तिच्या जागी वाल्थर पी-38 निवडली. पडद्यावर मात्र तोरा अजून ल्यूगरचाच! उलट ल्यूगरचं खरं टिकलेलं काम म्हणजे 9 मिलिमीटरचं काडतूस. ते आजही जगभर चालतं, पण त्याला कोण क्लोजअप देणार?

माउझरचंही तेच. ती घडवली ओबर्नडॉर्फच्या कारखान्यात काम करणाऱ्या फीडरले बंधूंनी. मुठीचा स्क्रू सोडला तर आत एकही स्क्रू नाही, सगळे भाग एकमेकांत अडकवलेले. नाव मात्र लागलं मालकाचं.

हे सगळं मी वाचलं ते माझा मिनी प्रोजेक्ट आपटल्यावर. आम्ही टॉगल क्लॅम्प केला होता, तोच गुडघा. स्क्रीनवर मॉडेल असं फिरायचं की बघत राहावं. वर्कशॉपच्या मामांनी ड्रॉइंग पाहिलं आणि म्हणाले, "दिसतोय झकास. आता असे दहा करून दे." दहा कसले, एकच करताना तीन रात्री गेल्या. पिनांची भोकं जुळेनात, फाइलने घासघासून कसाबसा बसवला. एका क्लॅम्पची लिंक दुसऱ्याला लागली नसती. आमचीही ल्यूगरच झाली होती!

कोणी म्हणेल, माणसं मारणाऱ्या वस्तूचं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. पण सिनेमा तेवढंही विचारू देत नाही. तो पिस्तूल आकाशातून पडल्यासारखं दाखवतो. ते कोणीतरी ड्रॉइंग बोर्डवर काढलं, कोणीतरी लेथवर कापलं हे कळलं, तरच आपण काय बनवतो आणि कोणासाठी, हा प्रश्न आपल्यापर्यंत येतो. उद्या त्या बोर्डापाशी आपल्यातलंच कोणीतरी बसणार आहे.

म्हणून पुढच्या शनिवारी "ल्यूगर!" म्हणून जरूर ओरडा. पण सोमवारी प्रोजेक्टची स्लाइड रंगवण्याआधी एकदा वर्कशॉपमध्ये जा आणि मामांना विचारा, "मामा, असे दहा होतील का?"