पहिल्या दिवशी टोकियोवर रागावू नका!

समजा तुम्ही आई-बाबांबरोबर टोकियोला निघालात. मुंबईहून रात्री आठ वाजता विमान सुटलं आणि आठ तासांनी उतरलं. तिथं किती वाजले असतील? पहाटेचे चार? अहं! सकाळचे साडेसात! जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. बाहेर लख्ख उजेड, माणसं कामाला निघालेली, आणि तुमचं शरीर म्हणतंय, "चारच तर वाजलेत, झोपू द्या की!"

"नुसते बसून तर आलो, मग दमलो कशानं?" असं बाबा विचारतील. त्यांना सांगा, उडत्या विमानातली हवा डोंगरावरच्या हवेसारखी विरळ असते. किती उंच डोंगर? साधारण १,८०० ते २,४०० मीटर. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचं. म्हणजे रात्रभर तुम्ही कळसूबाईच्याही वर बसला होतात! शिवाय ती हवा कोरडी. घसा सुकतो, डोळे चुरचुरतात आणि झोप तर खुर्चीत अवघडूनच.

त्यात आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं, बरं का! तांदळाच्या दाण्याएवढा हा भाग झोप कधी, भूक कधी ते ठरवतो आणि डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून वेळ जुळवून घेतो. पण दिवसाला साधारण तासभरच. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं, ते चिलटांवर प्रयोग करून शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालं. गंमत म्हणजे, हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित सावकाश चालतं. म्हणून उशिरा झोपणं सोपं आणि लवकर झोपणं अवघड. सुट्टीत तुम्हाला हा अनुभव येतोच की! पूर्वेकडे, म्हणजे जपानकडे गेलं की नेमकं लवकर झोपावं लागतं.

आता विमानतळाबाहेर पडू. नारिता विमानतळ टोकियोपासून साठेक किलोमीटर. म्हणजे आणखी तासाभराचा प्रवास. मग गाठ शिंजुकू स्टेशनशी. जगातलं सर्वांत गजबजलेलं स्टेशन म्हणून गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद आहे. बाहेर पडायला दोनशेच्या आसपास वाटा! चुकीच्या वाटेनं बाहेर आलात तर बॅगा ओढत मोठा वळसा. पत्ता शोधावा, तर बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. पत्त्यात असतो विभाग, गटाचा क्रमांक आणि इमारतीचा क्रमांक. जुन्या वस्तीत तर आधी बांधलेल्या घराला आधीचा क्रमांक. त्यामुळे ३ च्या शेजारी ४ असेलच असं नाही! एवढं करून हॉटेलवर पोहोचलात, की काउंटरवरची बाई नम्रपणे वाकून सांगते, "खोली तीन वाजता मिळेल."

इथंच घरोघरी भांडण जुंपतं. आई म्हणते, "आधी नीट विचारायचं ना!" बाबा म्हणतात, "नकाशा तुझ्याकडे होता!" धाकटं भोकाड पसरतं. आणि सगळे मिळून ठरवतात, हे शहरच वाईट!

शहराचा काय दोष? भांडतोय तो थकवा. तेव्हा पहिल्या दिवसासाठी एवढंच करा. बॅगा हॉटेलात ठेवून द्या. खोली तयार नसली तरी बॅगा बहुधा ठेवून घेतात. मग उएनोसारख्या बागेत उजेडात फिरा. फारच पेंग आली तर अर्धा तास डुलकी, जास्त नाही. खरी झोप रात्रीच. पहिल्या दिवशी प्रेक्षणीय स्थळांची यादी उघडूच नका.

आणि हरवलात तर? यामानोते ही टोकियोला फेरी घालणारी लोकल. तिच्या स्टेशनांना क्रमांक आहेत. शिंजुकू १७, शिबुया २०. तेवढा लक्षात ठेवा. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवा. टोकियोची माणसं शिबुयाला हाचिको कुत्र्याच्या पुतळ्यापाशी भेटतात. धनी १९२५ साली वारले, तरी जवळजवळ दहा वर्षं त्यांची स्टेशनवर वाट पाहणारा तोच हाचिको! शिवाय जागोजागी 'कोबान' म्हणजे छोट्या पोलीस चौक्या आहेत. वाट विचारायला लोक तिथं बिनधास्त जातात. 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', एवढं म्हणून पत्त्याची चिठ्ठी पुढे करा. पोलीस नकाशा काढून वाट दाखवतो.

परक्या शहरात हरवलेल्याला तेवढे दोन मिनिटांचे शब्द फार मोठे वाटतात. आता टोकियो राहू द्या. दादरच्या पुलावर रोज कुणीतरी पिशव्या सांभाळत, पाट्या वाचत गोंधळून उभं असतं. त्याचाही या शहरातला तो पहिलाच दिवस असेल. त्यानं तुम्हाला प्लॅटफॉर्म विचारला, तर नुसतं बोट दाखवून पळू नका. दोन पावलं त्याच्याबरोबर चाला. कराल ना एवढं?