केंद्रातला संगणक एक, लॉगिन अनेकांचे: ब्राउझर प्रोफाइलने नेमकं काय सुरक्षित राहतं?

चिखली असो, मेहकर असो की मलकापूर, बुलढाणा जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांत चित्र सारखंच दिसतं. संगणक एक आणि रांग मोठी. कुणाला महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, कुणाला पीक विम्याचा. सप्टेंबर २०२५ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेसाठी ई-केवायसी बंधनकारक झाली आणि तिची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. तेव्हा आधारचे ओटीपीही अशाच संगणकांवर टाकले गेले.

एकाचं काम संपल्यावर त्याचं लॉगिन खरंच बंद होतं का, हा खरा प्रश्न आहे.

गोंधळ कशामुळे होतो?

लॉगिन केलं की वेबसाइट ब्राउझरमध्ये 'कुकी' नावाची छोटी नोंद ठेवते. तिच्यावरून ती तुम्हाला ओळखते. लॉगआउट न करता खिडकी बंद केली, तर ही नोंद बऱ्याचदा तशीच राहते. पुढच्या माणसाने तीच साइट उघडली की आधीच्याचं खातं समोर येऊ शकतं.

प्रोफाइल काय करतं?

क्रोम, एज, फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये वेगवेगळी प्रोफाइल बनवता येतात. प्रत्येकाच्या कुकी, हिस्ट्री आणि सेव्ह केलेले पासवर्ड वेगळे राहतात. घरच्या लॅपटॉपवर एक प्रोफाइल नोकरीचं, एक दुकानाच्या पेजचं आणि एक स्वतःचं ठेवलं, तर दुकानाची पोस्ट चुकून स्वतःच्या खात्यावर जाण्याची शक्यता बरीच कमी होते. क्रोममध्ये वर उजवीकडच्या गोल चित्रावर क्लिक केलं की नवीन प्रोफाइलचा पर्याय मिळतो.

मग मर्यादा काय?

प्रोफाइल म्हणजे कुलूप नव्हे. एकाच संगणकावरचं दुसरं प्रोफाइल साधारणपणे कुणालाही एका क्लिकवर उघडता येतं. केंद्रचालकाच्या प्रोफाइलमध्ये त्याचं गुगल खातं जोडलेलं असेल आणि तुमचा पासवर्ड तिथे 'सेव्ह' झाला, तर तो त्याच्या फोनपर्यंतही पोहोचू शकतो.

'इनकॉग्निटो'बद्दलही गैरसमज आहे. त्याच्या सगळ्या उघड्या खिडक्यांच्या कुकी सामाईक असतात. एक जरी खिडकी उघडी राहिली, तरी आधीचं लॉगिन जिवंत राहतं. डाउनलोड केलेला सातबारा किंवा आधारची पीडीएफ तर खिडकी बंद केल्यावरही संगणकातच राहते.

केंद्रावर गेल्यावर काय कराल?

- 'गेस्ट' खिडकीत काम करायला सांगा. काम झाल्यावर त्या सगळ्या खिडक्या बंद करून घ्या.
- 'पासवर्ड सेव्ह करायचा का?' असं विचारलं तर 'नाही' निवडा.
- खिडकी बंद करण्याआधी लॉगआउट करा.
- डाउनलोड फोल्डरमधली आणि रिसायकल बिनमधली तुमची फाइल पुसून घ्या.
- जीमेल उघडलं असेल तर घरी येऊन गुगल खात्याच्या 'सुरक्षा' विभागात कुठल्या उपकरणांवर लॉगिन आहे ते पाहा. अनोळखी उपकरण दिसलं तर तिथून साइन आउट करा.

कायदा काय म्हणतो?

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण माहिती हाताळणाऱ्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत.

तोवर रांगेतल्या माणसाच्या हाती उरतं ते खुर्चीवरून उठण्याआधीचं एक मिनिट.