आधी गुरुजींचा घसा सांभाळा!

जूनमध्ये शाळेची घंटा वाजते तेव्हा पहिल्यांदाच वर्गात पाऊल टाकणारा शिक्षक उत्साहाने भारलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्याचा घसा बसलेला असतो, टाचणवही रात्री अकराला लिहिली जाते आणि रविवार वह्या तपासण्यात सरतो. सहकारी म्हणतात, 'सवय होईल.' प्रश्न आहे तो नेमका या सवयीचाच.

महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना सुरू झाली. तेव्हापासून नवा शिक्षक पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करतो. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकसाठी १६, माध्यमिकसाठी १८ आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये झाले; त्यापूर्वी अनेक वर्षे ते अनुक्रमे सहा, आठ व नऊ हजार होते. 'पवित्र' पोर्टलद्वारे निवड झालेल्यांना अनेकदा घरापासून दूरच्या जिल्ह्यात जावे लागते. खोलीचे भाडे द्यायचे, घरी पैसे पाठवायचे आणि काम समाधानकारक ठरले तरच नियमित वेतनश्रेणी मिळणार हे ध्यानात ठेवायचे. अशा स्थितीत 'नाही' म्हणण्याचे धैर्य कोठून येणार? 'तुम्हाला संगणक येतो' एवढ्या कारणावरून ऑनलाइन माहिती भरण्याचे काम बहुधा नवागताच्याच गळ्यात पडते.

वास्तविक कायद्याने शिक्षकाच्या वेळेचा विचार केलेला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात आठवड्याला ४५ तासांचे काम अपेक्षित असून त्यात अध्यापनाच्या तयारीचे तासही धरलेले आहेत. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. मात्र शाळेच्या वेळापत्रकात तयारीची तासिका अभावानेच दिसते आणि अपवाद म्हणून ठेवलेली निवडणुकीची कामे वारंवार येतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या करताना त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्याने उद्भवणारी स्थिती, असे तिचे वर्णन आहे. ताणाचे मूळ कामाच्या रचनेत असेल, तर केवळ 'योगासने करा, सकारात्मक राहा' असा उपदेश अपुरा ठरतो.

तरीही व्यवस्था सुधारेपर्यंत नवशिक्षकाने स्वतःकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. घसा हे त्याचे पहिले साधन. वर्ग शांत करण्यासाठी ओरडण्याऐवजी टाळी किंवा घंटीची खूण ठरवावी, तासांच्या मध्ये पाणी प्यावे आणि आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला तर तज्ज्ञाला दाखवावे. शाळेत धड स्वच्छतागृह नसल्याने पाणीच कमी पिणाऱ्या शिक्षिकांचा प्रश्न मात्र उपदेशाने सुटणारा नाही. रोज काही वह्या मुलांसमोरच तपासल्यास ढीग साचत नाही. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर उत्तरे देण्याची वेळ ठरवून ती जाहीर करावी. हक्काची रजा घेताना अपराधी वाटून घेऊ नये. मन मोकळे करता येईल असा एक अनुभवी सहकारी शोधावा. द्विशिक्षकी शाळेत तो न मिळाल्यास केंद्रातील दुसऱ्या शाळेत शोधावा. ताण असह्य झाल्यास २०२२ पासून सुरू असलेली 'टेलि-मानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

शाळा आणि प्रशासनाकडून अपेक्षाही फार मोठ्या नाहीत. पहिल्या वर्षी आठवड्यातील काही तासिका तयारीसाठी राखाव्यात, एक मार्गदर्शक शिक्षक नेमून द्यावा आणि शक्य तेथे निवडणुकीच्या कामातून नवागताला वगळावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तासांची अपेक्षा आहे. त्यातील काही तास आवाजाची निगा, वर्गनियंत्रण आणि ताण हाताळणे यांसाठी दिले, तर निराळ्या निधीचीही गरज भासणार नाही.

पहिल्या तीन वर्षांत थकलेला प्रत्येक शिक्षक नोकरी सोडतोच असे नाही. बहुतेक जण टिकतात. पण काहींचे मन कोरडे होते आणि तेच पुढली तीस वर्षे वर्गावर उभे राहतात. एखाद्या मुलाने शंका विचारली की त्याला उत्तराऐवजी 'खाली बस' ऐकावे लागते. शिक्षकाच्या थकव्याची किंमत अखेर ते मूल मोजत असते.